वाचक विचारतात : अंदमानचे पक्षी

दिवाळी सरली की अंदमानच्या तिकिटांची चौकशी सुरू होते, आणि या सदराकडेही त्याच बेटांची पत्रे येऊ लागतात. या वेळची पत्रे पक्ष्यांविषयी आहेत. कुठे पाहायचे, कसे ओळखायचे आणि (दोन-तीन जणांनी जरा बिचकत विचारले आहे) सोबत काय आणता येते. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : जानेवारीत आई-वडील आणि मुलांसह आठवडाभर जातो आहोत. सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील हे ठरलेले आहे. पक्ष्यांसाठी दोनच सकाळी मिळतील. त्या कुठे घालवाव्यात? (वाचक, चिंचवड)

उत्तर : आधी घड्याळाचे बोलू, कारण निम्म्या लोकांची सहल तिथेच हुकते. अंदमान मुंबईच्या जवळजवळ २० अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलेच. जानेवारीच्या मध्याला पोर्ट ब्लेअरमध्ये (आताचे श्री विजयपुरम) पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सव्वापाचला मावळतोही. हॉटेलचा नाश्ता उरकून आठला निघालात तर पक्ष्यांचे सगळ्यात बोलके दोन तास गेलेच म्हणून समजा. गाडीवाल्याला आदल्या रात्री सांगून ठेवा, पावणेपाचला निघा, नाश्ता डब्यात घ्या.

पहिली सकाळ चिडिया टापूला द्या. शहरापासून सुमारे २५ किलोमीटर. थेट किनाऱ्यापर्यंत गाडी नेऊ नका. जंगल लागले की उतरा आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर रस्त्यानेच चाला. बेटावरच्या घनदाट जंगलात आत शिरून काही दिसत नाही, रस्त्याच्या कडेने मात्र छत उघडे मिळते. फळांनी लगडलेले वडा-उंबराच्या जातीचे झाड सापडले तर पुढे जायचा मोह आवरा आणि तासभर त्याच्याच खाली थांबा. अंदमानी हरियाल, मोठी हिरवी कबुतरे, मैना, नीलपरी, पोपट हे सगळे तिथे पाळीपाळीने येतात. झाडाखाली ताजी अर्धवट खाल्लेली फळे पडलेली असतील तर झाड चालू आहे. सुकलेली असतील तर पंगत उठली.

दुसरी सकाळ माउंट हॅरिएट. २०२१ पासून त्याचे नाव माउंट मणिपूर आहे, पण गाडीवाले दोन्ही ओळखतात. (जुन्या तांबूस २० रुपयांच्या नोटेमागचे दृश्य इथलेच.) चॅथमहून बांबूफ्लॅटला फेरीने जायचे, तिथून गाडी. पहिली फेरी आणि उद्यानाचे फाटक यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. फाटक उघडेपर्यंत खालच्या रस्त्यावर चालत राहिलात तरी फुकट जात नाही.

वंडूरला जाणार असाल तर वाटेत सिप्पीघाटला अर्धा तास थांबा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली आणि इथल्या भातशेतीत खारे पाणी कायमचे शिरले. शेतकऱ्यांचे नुकसान झाले ते झालेच. आज त्या पाण्यावर डोळ्याभोवती पांढरा पट्टा असलेले अंदमानी बदक दिसते. ते पाहायला याहून सोपी जागा नाही.

एक संध्याकाळ घुबडांसाठी काढता आली तर पुन्हा चिडिया टापू. साडेचारपर्यंत पोचा. पाचनंतर उजेड इतक्या झपाट्याने जातो की कोकणातल्या संध्याकाळची सवय असलेल्याला पडदा पडल्यासारखे वाटते. परतताना रातवे रस्त्यावर बसलेले असतात, तेव्हा गाडी हळू हाकायला सांगा.

प्रश्न : हॅवलॉकला भारद्वाज दिसला, पण डोके आणि छाती फिकट तपकिरी होती. काळा रंग नव्हताच. हे पिल्लू का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला अंदमानी भारद्वाज. पंख आपल्यासारखेच तांबूस-विटकरी, पण अंग काळ्याऐवजी मळकट तपकिरी. आवाज तोच, घुमल्यासारखा ऊप-ऊप. शुभशकुन धरायचा तर तो तेवढाच धरा.

असे चुलत भाऊ तिथे बरेच आहेत. घरच्या पक्ष्याची खूण मनात ठेवून फरक कुठे आहे तेवढेच पाहिले की ओळख पटकन होते. टकाचोर तिथे आपल्यापेक्षा लहान, राखी डोक्याचा आणि पिवळ्या डोळ्याचा आहे. दक्षिण कोकण-गोव्याच्या जंगलातला मोठा काळा सुतार पोटाला पांढरा असतो. अंदमानचा सुतार पोटासकट काळा. नराचा माथा पुढपासून मागपर्यंत लाल, मादीचा फक्त मागचा भाग. कोतवालात अंदमानी कोतवाल (शेपटी खोल दुभंगलेली, टोके बाहेर वळलेली) आणि पल्लेदार शेपटीचा कोतवाल शेजारी-शेजारी असतात. दुसऱ्याची लांब पिसे गळलेली असली की घोळ होतो. मग कपाळ पाहा. त्याच्या कपाळावर झुपका असतो.

खरा गोंधळ सर्पगरुडाचा. दक्षिण अंदमानात दोन आहेत. किनाऱ्याजवळ आणि खारफुटीत दिसणारा फिकट अंगाचा, तो आपल्या तुरेवाल्या सर्पगरुडाची तिथली उपजात. आतल्या जंगलात दिसणारा, चॉकलेटी-काळपट आणि अंगभर पांढरे ठिपके असलेला, तो अंदमानी सर्पगरुड. हा जगात आणखी कुठेच नाही. पक्षी उजेडाविरुद्ध बसला असेल तर फिकटही काळा दिसतो, म्हणून बाजू बदलून पाहिल्याशिवाय नाव लिहू नका.

प्रश्न : मागच्या वर्षी दुर्बीण दर सकाळी अर्धा तास धुक्याने भरायची. परत आल्यावर आत जाळीसारखे काहीतरी दिसते आहे. बिघडली का? नवी घ्यायची तर कोणती? (वाचक, नाशिक)

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. धुके येते ते एसी खोलीमुळे. रात्रभर थंड झालेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर दव धरते. काचा पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. वर ओरखडे पडतात. झोपताना दुर्बीण आणि कॅमेरा बंद पिशवीत घालून न्हाणीघरात किंवा गच्चीच्या आडोशाला ठेवा, म्हणजे सकाळी त्या बाहेरच्याच तापमानाच्या असतील. विसरलात तर पिशवी न उघडता अर्धा तास थांबा.

जाळी म्हणजे बुरशी. ती काचेवरच्या लेपात मुळे धरते, घरी निघत नाही आणि उघडायचा प्रयत्न केलात तर दोन नळ्यांची सरळ रेष बिघडून डोके दुखेल. दुरुस्तीवाल्याकडे लवकर द्या, लेप खाल्ला गेला की काच बदलावी लागते. पुढच्या वेळी घट्ट झाकणाचा डबा न्या आणि त्यात १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेल. निळ्याचे गुलाबी झाले की ते भिजले. मंद आचेवर परतले की परत निळे होते, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. तांदळात ठेवण्याचा उपाय कुणी सांगेल. त्याने पिठाची भुकटी फटीत जाते, बाकी काही होत नाही.

बोटीतून उतरल्यावर काचेवर मिठाचे कण असतात. आधी फुंकणीने उडवा, मग गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने टिपा. कोरड्या रुमालाने घासणे म्हणजे पॉलिश पेपरच.

नवी घेताना ८x४२ (म्हणजे आठ पटींची, पुढची काच ४२ मिलिमीटरची), आतून नायट्रोजन भरलेली, जलरोधक. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात येतो. अंधाऱ्या जंगलात तो लागतो. ८x३२ हलकी असते, पण ठिपका चारच मिलिमीटरचा. १० पटींची बोटीत आणि मान वर करून पाहताना हलते.

प्रश्न : मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी पिसे जमवायची ठरवली आहेत. जमिनीवर पडलेलीच उचलू, कुणाला इजा नाही. चालेल ना? एखादे रिकामे घरटे? (पालक, सांगली)

उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मोठी आहे. वन्य पक्ष्याच्या अंगाचा कोणताही भाग घेणे, अंडी फोडणे, अंडी किंवा घरटे विस्कटणे हेही तिच्यात येते. राष्ट्रीय उद्यानातून तर परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही. पीस गळलेले की उपटलेले हे पिसावर लिहिलेले नसते, त्यामुळे तपासणाऱ्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा ही अपेक्षा चुकीची आहे. मोराच्या गळलेल्या पिसांना कायद्यात सवलत आहे म्हणून सगळ्याच पिसांना आहे असा समज पसरला आहे. बेटांवरच्या विमानतळावर सामान बारकाईने पाहतात. प्रवाळ आणि शंख तिथे नेहमी जप्त होतात.

रिसॉर्टच्या काचेवर आपटून मेलेला पक्षी सापडला तर? कलम ३९ प्रमाणे मेलेला सापडलेला वन्य प्राणीही सरकारची मालमत्ता आहे. ताब्यात घेतलात तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. न घेतलेलेच बरे. जागेवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून, पाठ, पोट आणि उघडा पंख असे तीन. मग वनखात्याला सांगा.

प्रकल्पासाठी याहून चांगले करता येईल. सापडलेले पीस जागेवरच ठेवून मोजपट्टीसह दोन्ही बाजूंनी फोटो, खाली तारीख, वेळ, बेटाचे नाव, जमिनीचा प्रकार. असे वीस फोटो चिकटवलेली वही वर्गात पिसांच्या डब्यापेक्षा जास्त बोलेल, आणि मुलाला पंखाचे पीस व शेपटीचे पीस यांतला फरकही कळेल. पंखाच्या पिसाचा दांडा वाकडा असतो, त्याची एक बाजू अरुंद असते. शेपटीच्या मधल्या पिसाच्या दोन्ही बाजू सारख्या.

प्रश्न : मग संग्रहालयांतले हजारो पक्षी कुठून आले? आमच्या विद्यार्थ्यांना बेटांवर पक्षी कसे ‘गोळा’ करत हे सविस्तर हवे आहे. (प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, सातारा)

उत्तर : बंदुकीने. अगदी बारीक छऱ्यांची काडतुसे वापरत, कारण जाड छरा लहान पक्ष्याचे चिंध्या करतो. पक्षी पडला की चोचीत आणि जखमांत कापूस कोंबायचा, नाहीतर रक्त-लाळ पिसांवर येते. मग कागदाच्या पुडीत, डोके खाली. आणि त्याच क्षणी डोळ्याच्या बुबुळाचा, चोचीचा, पायांचा रंग लिहून घ्यायचा, कारण काही तासांत ते रंग उडतात. बुबुळ तर कातडीत राहतच नाही. आज पुस्तकांत एखाद्या बेटावरच्या घुबडाचे डोळे पिवळे लिहिलेले असतात ते अशाच कुणाच्या तरी चिठ्ठीवरून.

अंदमानच्या हवेत सकाळी मारलेला पक्षी संध्याकाळपर्यंत कुजायला लागतो. पोटावरची पिसे सुटतात. म्हणून दुपारीच सोलायचा. छातीच्या हाडापासून खाली एक छेद, धड बाहेर, कवटी, पंखांची आणि पायांची हाडे आतच. ओलसरपणा शोषायला लाकडाचा भुसा किंवा पीठ. आतून आर्सेनिकचा साबण फासायचा, कापसाचे धड भरायचे, शिवायचे, पाय आडवे बांधायचे. कबुतरे आणि रातवे सगळ्यात त्रासाचे. कबुतराची पिसे हात लावताच गळतात, रातव्याची कातडी ओल्या कागदासारखी फाटते. बदकांची चरबी खरवडून काढली नाही तर वर्षांनंतरही तेल सुटते आणि चिठ्ठी पिवळी पडते. आणि मुंग्या. वाळत ठेवलेल्या नमुन्यांच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, आपल्याकडे दुधाच्या कपाटाखाली ठेवत तसे. पाणी सुकलेल्या एका रात्रीत पापण्या आणि चोचीच्या कडा खाल्लेल्या मिळत. आर्सेनिक आजही त्या कातड्यांत आहे. विद्यार्थ्यांना जुने नमुने दाखवाल तेव्हा हातमोजे घालायला लावा.

सगळ्यात महत्त्वाची मात्र पायाला बांधलेली चिठ्ठी : तारीख, ठिकाण, लिंग (ते पोट उघडून ग्रंथी पाहूनच ठरवत), मोजमापे, पोटात काय मिळाले, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठीवर नुसते ‘अंदमान’ असेल तर नमुन्याची किंमत निम्म्याने घटते, कारण इथे शेजारच्या बेटावरची उपजात वेगळी असू शकते. चिठ्ठी सुटलेला पक्षी म्हणजे कापूस भरलेली पिसे.

अंदमानच्या बाबतीत मोठे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८७३ मध्ये तो ‘स्कोशिया’ नावाच्या आगबोटीतून या बेटांवर फिरला; त्याचा संग्राहक विल्यम डेव्हिसन बेटांवर जास्त काळ काम करत होता. किनाऱ्यावरच्या त्या फिकट सर्पगरुडाच्या शास्त्रीय नावात ‘डेव्हिसनी’ आहे तो हाच. त्याच सफरीतल्या व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाचे नाव अंदमानच्या लहान शिंगळ्या घुबडाला मिळाले. पुढे १८८५ मध्ये ह्यूमचा ८० हजारांवर नमुन्यांचा संग्रह सिमल्याहून लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाकडे गेला. त्याची हस्तलिखिते त्याआधीच एका नोकराने रद्दीत विकली होती. इतिहासाच्या तासाला हाच ह्यूम भेटतो. त्याच १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचा.

मुंबईतही पाहायला मिळेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) हॉर्नबिल हाउसमध्ये पक्ष्यांचा मोठा संग्रह आहे. हुमायून अब्दुलअली यांनी अंदमान-निकोबारला अनेक फेऱ्या करून तिथल्या पक्ष्यांची यादी तपासून लिहिली आणि सोसायटीच्या संग्रहाची सूचीही केली. महाविद्यालयाच्या पत्रासह आगाऊ परवानगी मागा.

आता संशोधनासाठीही पक्षी सहसा मारत नाहीत. परवाना घेऊन बारीक धाग्याचे जाळे लावतात, मोजतात, कडे घालून सोडतात. उष्ण प्रदेशात जाळे दर वीस मिनिटांनी पाहावेच लागते आणि ऊन चढले की बंद करावे लागते; अडकलेला शिंजीर उन्हात फार वेळ टिकत नाही. जुन्या कातड्यांचे काम संपलेले नाही. पायाच्या तळव्याचा कणभर तुकडा घेऊन त्यातून डीएनए काढतात आणि दोन बेटांवरचे पक्षी एक की दोन हा वाद सोडवतात. तेव्हाही चिठ्ठी खरी असावीच लागते.

प्रश्न : अंदमानी फटाकडी फक्त आवाज वाजवूनच दिसते असे ऐकले. मोबाइलवर वाजवू का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वाजवू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून ती बाहेर येते. पिल्ले किंवा अंडी तशीच सोडून. चिडिया टापूसारख्या ठिकाणी रोज एक गट येतो, प्रत्येकाने दोनदा वाजवले तर हिशेब तुम्हीच करा.

न वाजवताही दिसते. जंगलातल्या ओलसर ओहोळाजवळ, पाचोळा असलेली जागा निवडा. उजाडायच्या आधी किंवा साडेचारनंतर, दहा-बारा मीटर लांब, पाठीमागे झाड घेऊन बसा. गडद कपडे, डासांचे मलम आधीच लावलेले, कारण हात हलला की संपले. पस्तीस-चाळीस मिनिटे. आधी बेडकासारखा खोल आवाज येईल. मग पाचोळ्यात चालणारी कोंबडी वाटेल. विटकरी अंग, पोटावर काळे-पांढरे पट्टे आणि कच्च्या कैरीसारखी हिरवी चोच. ती चोच दिसली की शंका उरत नाही.

प्रश्न : बाराटांगच्या गुहांत पाकोळ्यांच्या लाळेची घरटी असतात, ती लाखोंना विकतात म्हणे. पर्यटकाला पाहता येतात का? (वाचक, ठाणे)

उत्तर : पर्यटकांना नेतात ती चुनखडीची गुहा वेगळी. घरट्यांच्या गुहांवर राखण असते आणि तिथे जाता येत नाही. एक घरटे जेमतेम आठ-दहा ग्रॅमचे, म्हणजे किलोमागे शंभरावर घरटी. चोरणारे अंडी घालायच्या आतच ती खरवडत. पाकोळी पुन्हा बांधते, पुन्हा चोरी, शेवटी त्या हंगामात पिल्लूच नाही. २००१ च्या सुमारास वनखाते आणि कोइमतूरची सलीम अली संस्था यांनी राखणीचे काम सुरू केले. डॉ. रवी शंकरन यांनी त्यासाठी पूर्वीच्या घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार केले. कुठल्या फटीत किती घरटी, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

हॉटेलच्या पोर्चमध्ये किंवा धक्क्याच्या छताखाली दिसतात ती शेवाळ-काड्या मिसळलेली घरटी चमकदार निळसर पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या पाकोळीची. त्यांना बाजारात भाव नाही. या पाकोळीला अंधारात वाट काढता येत नाही म्हणून ती उजेडाजवळ राहते. खाद्य घरट्याची पाकोळी टिकटिक आवाज काढत प्रतिध्वनीवर गुहेत आत जाते. तो आवाज माणसालाही ऐकू येतो.

बाराटांगचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे ताफ्यातून जावे लागते. थांबणे आणि फोटो काढणे, पक्ष्याचासुद्धा, मना आहे.

प्रश्न : रॉस बेटावर मोर दिसले. ईबर्डच्या (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाच्या) यादीत टाकू का? (वाचक, पुणे)

उत्तर : टाका, पण शेऱ्यात ‘माणसांनी आणून सोडलेले’ असे लिहा. आपली साळुंकीही तिथे बाहेरूनच आणलेली. आणि एक चूक बहुतेक जण करतात : दिवसभराची एकच यादी, ‘पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक’. प्रत्येक बेटाची यादी वेगळी करा, बोटीतली वेगळी. जागा बदलली की नवी यादी, शक्यतो तासाभराची. ‘खूप पोपट’ नको, आकडा लिहा. अंदाज असला तरी चालतो. अ‍ॅपने आवाजावरून सुचवलेले नाव पक्षी पाहिल्याशिवाय किंवा आवाज स्वतः ओळखल्याशिवाय लिहू नका.

प्रश्न : नारकोंडमचा धनेश पाहायला बोट मिळेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. ते सात चौरस किलोमीटरच्या आसपासचे बेट अभयारण्य आहे, पर्यटकांची बोट जात नाही, आणि हा धनेश जगात फक्त तिथेच आहे. मुख्य अंदमान बेटांवर धनेश नसतो, तेव्हा कुणी चिडिया टापूला ‘नारकोंडम धनेश दाखवतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका. गोव्यात परतल्यावर भगवान महावीर अभयारण्यात मोठा धनेश पाहा.